तांब्याएवढी बारव

१

मोरदरा सहकारी दूध उत्पादक संस्थेच्या सभागृहाचं कुलूप आश्रुबा ओव्हाळांनी सकाळी उघडलं, टेबलावरची चादर उचलली, आणि “आता गं बया!” म्हणून ती पुन्हा खाली सोडली. जरा थांबून, चष्मा पुसून, त्यांनी ती दुसऱ्यांदा उचलली. उपयोग झाला नाही. जे नव्हतं ते दुसऱ्या वेळेलाही नव्हतंच.

चादरीखाली नव्या प्रदर्शन केंद्राचं मॉडेल होतं. पुठ्ठ्याच्या भिंती, काचेची दालनं, आतल्या बाजूला उतरती छपरं, काड्यापेटीच्या काड्यांचे कठडे, सगळं जागच्या जागी. फक्त मधोमध, जिथं काल संध्याकाळी बारव होती, तिथं भोक होतं.

ती बारव म्हणजे म्हाळू पाथरवटानं अस्सल काळ्या दगडात कोरलेला ऐवज. तांब्याएवढी उंच, आत चारी अंगांनी उतरत्या पायऱ्या, आणि तळाशी हरभऱ्याच्या दाण्याएवढी महादेवाची पिंड. संस्थेच्या मागच्या आवारात खरी बारव, म्हणजे पायऱ्यांची जुनी विहीर आहे, तिचीच ही लेक म्हणायची.

आश्रुबा पोलीस खात्यातून जमादार म्हणून निवृत्त झालेले, आता संस्थेची राखण बघायचे. नोकरीत त्यांनी शेळ्या शोधल्या होत्या, सायकली शोधल्या होत्या, एकदा तर मांडवातून पळालेला नवरदेव कडब्याच्या गंजीतून ओढून काढला होता. पण बारव चोरीला गेल्याची फिर्याद त्यांच्यापुढं कधी आली नव्हती.

आणि ती आजच यावी, हे वाईट. दुपारी चारला संस्थेची सर्वसाधारण सभा होती. केंद्राच्या कामाला मंजुरी आलेली, काम यंदा काढलं नाही तर ती परत जाणार, आणि बांधायचं काय यावर सभासद हात वर करून निकाल देणार होते. एक आराखडा आश्रुबांच्या पुतणीचा, यशोधरेचा. औरंगाबादेत शिकून आर्किटेक्ट झालेल्या पोरीचं हे पहिलं काम. तिचं म्हणणं, जुनी बारव साफ करून मध्ये ठेवायची आणि केंद्र तिच्याभोवती उभं करायचं. खाली काळ्या दगडाच्या कमानी, बीडच्या खजाना विहिरीला असतात तशा. वर सिमेंट आणि काच. छपरं सगळी आत उतरती, म्हणजे पावसाचा थेंबन्‌थेंब बारवेत. दालनांत घोंगड्या, ताक घुसळायच्या रव्या, पाणी न्यायच्या चामड्याच्या छागली, आणि अंगणात जनावरांचं प्रदर्शन.

दुसरा आराखडा उपाध्यक्ष सुंदररावांचा. तो समजायला शिक्षण लागत नव्हतं. बारवेत मुरूम भरायचा आणि वर दुकानाचे गाळे काढायचे. गाळ्यांना निळी काच, आणि शेवटच्या गाळ्यावर पाटी, ‘प्रदर्शन केंद्र’.

यशोधरा स्कूटी लावून आत आली. तिनं भोकाकडं पाहिलं, मग काकाकडं.

“तात्या, गंमत करू नका. कुठं ठेवलीत?”

“मी गंमत करणाऱ्यातला हाय का बाई?”

ती खुर्चीवर बसली. “बारवच नाही तर मी दाखवू काय? नुसतं छप्पर? लोक म्हणतील, हिच्या छपराचं पाणी भोकात जातंय.” तिचा आवाज बारीक झाला. “संध्याकाळी मुरमाचा ट्रॅक्टर उभा राहील बघा बारवेवर.”

“रडायचं न्हाई. चारपर्यंत लई वेळ हाय.” आश्रुबांनी गुडघा धरून वाकून भोकात डोकं घातलं. कुलूप तुटलेलं नव्हतं, पुठ्ठ्याला साधा चिमटासुद्धा नव्हता. चोरानं बारव अशी उचलली होती, जशी पाळण्यातून झोपलेलं लेकरू उचलावं.

आणि भोकाच्या तळाशी काहीतरी पडलं होतं. हळद लावलेले तांदळाचे दाणे.

२

“करणी!” सुंदरराव दारातूनच म्हणाले. “लिंबू सापडलं का बघा. लिंबू असंलच.”

“लिंबू न्हाई,” आश्रुबा म्हणाले.

“मग उंदरानं नेलं असंल. लिंबू लई महाग झालंय.”

बाहेर व्हरांड्यात दुसरंच भांडण पेटलं होतं. रांजण निम्म्यावर आला होता. काल संध्याकाळी टँकरनं भरलेला रांजण सकाळी निम्मा, आणि दूध घालायला आलेल्या गड्यांनी एकमेकांच्या सात पिढ्या काढायला घेतल्या होत्या. “तू आंघोळ केलीस बे?” “माझ्या अंगाकडं बघून वाटतंय का तुला आंघोळ केल्यावानी?” अंगाकडं बघून कुणालाच तसं वाटलं नाही, म्हणून तो सुटला. दोन हजार तेराचा तो उन्हाळा. आदल्या साली पावसानं पाठ फिरवलेली, बिंदुसरा धरणाच्या तळाला भेगा, आणि संस्थेत येणाऱ्या दुधाच्या कॅन उतरवताना खडखड वाजायच्या. त्या दिवसांत घरातला माणूस हरवला तर लोक सांजेपर्यंत वाट बघत. पाणी हरवलं तर लगेच आरडाओरडा.

तेवढ्यात अध्यक्ष आप्पारावांची जीप आवारात आली. आप्पाराव उतरले आणि उड्या मारायला लागले. सफारी सूट, मनगटात जाड कडं, आणि पाय अनवाणी. तापल्या फरशीवर एक पाय टेकायचा, ‘हाऽय’ करायचं, दुसरा टेकायचा. असं करत ते व्हरांड्याच्या सावलीत येऊन पोचले.

“साहेब, चपला?” आश्रुबांनी विचारलं.

“ॲक्युप्रेशर हाय. डॉक्टरनं सांगितलंय. तळपायात सगळ्या शिरा असत्यात.” आप्पारावांनी घाम पुसला. “विज्ञान हाय जमादार, विज्ञान!”

विज्ञान हा आप्पारावांचा लाडका शब्द. केबिनच्या दारावर त्यांनी ‘विज्ञानाची कास धरा’ अशी पाटी लावून घेतली होती. मागच्याच महिन्यात गावातल्या बायका त्यांच्याकडं आल्या होत्या. पाऊस ओढ देतो तेव्हा महादेव कोंडायचा, ही तिकडची जुनी रीत. पिंड पूर्ण बुडेल इतकं पाणी भरायचं. देवाचा जीव घुसमटला की तो पाऊस पाडतो, अशी समजूत. बायकांना बारवेतला मोठा महादेव कोंडायचा होता, त्यासाठी टँकर हवे होते. आप्पारावांनी माईक लावून भाषण केलं, “टँकर माणसांसाठी हाय! पाण्याचा एक थेंब देवावर न्हाई!” टाळ्या चांगल्या पडल्या. बायकांनी मात्र वाजवल्या नाहीत.

आप्पारावांनी आश्रुबांना केबिनमध्ये बोलावलं. सोफ्यावर नकाशांच्या गुंडाळ्या पसरल्या होत्या. त्या सरकवून आश्रुबा कडेला टेकले. कोपऱ्यात, माळ घातलेली, संस्थेची पहिली कॅन उभी होती. पहिलं दूध तिच्यातून बीडला गेलं म्हणून तिला मान होता.

“जमादार, बारव शोधा. पण सभा काय थांबायची न्हाई. चारपर्यंत न्हाई सापडली, तर सुंदररावाचाच ठराव घ्यावा लागंल.” हे बोलताना आप्पारावांचा चेहरा असा झाला, जसं कडू औषध त्यांनाच पाजलं.

सुंदरराव मागोमाग आत आले. “शोधायचं काय त्यात? सभागृहाच्या किल्ल्या तीन. अध्यक्षांकडं, माझ्याकडं, अन्‌ जमादाराकडं. मी काल वासनवाडीला लग्नात गेलतो, आत्ता उतरतोय मोटारीतून. अख्खा मांडव साक्षीला हाय.” त्यांनी मिशीवरून बोट फिरवलं. “पोरीला लोकांच्या प्रश्नांची उत्तरं देता येईनात, म्हणून चुलत्यानंच माल गायब केला. मॉडेल हरवलं, सभा पुढं ढकला! चारला ही गोष्ट मी सभेत बोलणार. मग पोलीस बोलवा, न्हाईतर जमादारालाच म्हणा, स्वतःला धरून आण.”

आश्रुबा उठले. पोरीच्या कामाबरोबर आता त्यांचं नावही पणाला लागलं होतं.

३

म्हाळू पाथरवट लिंबाखाली बसून जात्याला टाकी लावत होता. मॉडेलवर त्याचा राग होता, हे सगळ्या गावाला ठाऊक होतं. काल सगळ्यांसमोर तो यशोधरेला म्हणाला होता, “पिंड अशी चारचौघांत पुठ्ठ्यात मांडून ठेवत न्हाईत.”

“म्हणून घिऊन आलास का?” आश्रुबांनी विचारलं.

“आणली असती तर झाकून ठिवली असती का? ह्या लिंबाखालीच मांडली असती, अन्‌ माझं काम म्हणून मिरवलं असतं.” म्हाळूनं छिन्नी खाली ठेवली. “कशावरनं आला माझ्याकडं?”

आश्रुबांनी रुमालात बांधून आणलेले पिवळे दाणे उघडून दाखवले. ओव्हाळांच्या घरातून अक्षता, अभिषेक हे सगळं त्यांच्या वडिलांच्या वेळीच गेलं होतं. त्यांच्या लग्नात फुलं टाकत, तांदूळ नाही. तांदूळ खायचा एवढंच त्यांना ठाऊक.

“हे कशाला टाकत्यात रे, चोरी करताना?”

म्हाळू हसायला लागला. “चोरी करताना न्हाई टाकत, जमादार. देव जागचा हलवायचा असला म्हंजी टाकत्यात. आधी अक्षता वाहायच्या, मनात म्हणायचं, देवा, जरा उठतो का. अन्‌ मगच हात लावायचा.”

“म्हंजी चोरानं परवानगी घेतली?”

“तसंच दिसतंय.”

“तू पण देवाचाच माणूस की. तूच घेतली असशील.”

“मी?” म्हाळूनं जात्याची पाळ पायाच्या टाचेनं दाबून धरून दाखवली. “दगड असा टाचंखाली धरल्याबिगर छिन्नी चालत न्हाई. ती पिंड मी पायाखाली धरून कोरलीया. मंत्र पडून जागेवर बसली म्हंजी देव, तोवर दगूड. ज्याला टाच लावली त्यालाच अक्षता वाहून ‘ऊठ देवा’ म्हणू व्हय? देव हसंल की मला.”

आश्रुबांनी दाणे परत बांधले. सुंदरराव असता तर बारवेसकट सगळं मॉडेल पायाखाली घेतलं असतं आणि आळ उंदरावर घातला असता. अक्षता वाहायला त्याला सवड कुठली! म्हाळूला तो दगड होता. आणि ज्यानं नेली, त्याच्या लेखी ते मॉडेल नव्हतंच.

“म्हाळू, देव हलवला म्हंजी तो कुठंतरी न्यायचा असतो ना?”

“कशासाठी नेलाय त्याच्यावर हाय.”

“दुष्काळात कशासाठी नेत्यात?”

म्हाळूचा हात टाकीवरच थांबला. “आरं तिच्या,” तो हळूच म्हणाला. “रांजण निम्मा झालाय म्हणं संस्थेतला?”

४

म्हणजे कुणीतरी महादेव कोंडला होता. मोठ्या महादेवाला टँकर लागले असते. या हरभऱ्याएवढ्याला रांजणातलं पाणी पुरलं. आणि कोंडायचं म्हणून मागच्या महिन्यात गाव गोळा केलं होतं ते रतनबाईनं.

रतनबाई रिकाम्या गोठ्यात एकटीच बसली होती. म्हशी चारा छावणीवर गेलेल्या, दावणीला नुसते दोर. तिनं आश्रुबांचं सगळं ऐकून घेतलं, आणि मग जी सुरू झाली.

“मी चोरून देव कोंडंन? ही रतनबाई? मला कोंडायचा असता तर वाजतगाजत कोंडला असता, हलगी लावून! चोरून कोंडला तर पाऊस चोराच्याच रानात पडंल, माझ्या काय उपेगाचा? अन्‌ कुलपातनं मी शिरले कशी? मुंगी हाय का मी?”

“तसं न्हाई वैनी…”

“कसं न्हाई? वर्दी उतरली तरी डोळा तसाच राहिला बघा तुमचा. बायांनी पाणी मागितलं तर ह्यांनी भाषण ठोकलं, अन्‌ आता बायांवरच आळ! त्या आप्पारावाला सांगा, तुझी सगळी जनावरं छावणीत उभी हायेत माझ्याच म्हशीशेजारी, तिथं का न्हाई लावत ‘कास धरा’ची पाटी? धरायला कासंत काय राहिलंय?”

आश्रुबांना हसू आलं, ते त्यांनी खोकल्यात घातलं. रतनबाईनं शेजारचा तांब्या त्यांच्याकडं सरकवला. रागावली तरी तिच्याकडून कुणी तहानलेलं जात नसे, त्या उन्हाळ्यातसुद्धा.

“वैनी, राग सोडा. मला ह्यातलं कळत न्हाई म्हणून विचारतो. एकानंच कोंडलेला चालतो का?”

“चालतो की. पण सोपं न्हाई. कोंडणाऱ्यानं नेम धरावा लागतो.”

“कसला?”

“तिकडं देवाचा जीव घुसमटतोय, मग हिकडं आपण सुखानं कसं ऱ्हावं? पाऊस पडंस्तोवर पायात काय घालायचं न्हाई. चटकं बसू द्यायचं.” तिनं दावणीचा रिकामा दोर सरळ केला. “माझ्या सासऱ्यानं धरला होता येकदा. फोडं आलं, पण चप्पल न्हाई घातली.”

आश्रुबांनी तांब्या तोंडाला लावला होता. तो तसाच खाली आला.

“काय झालं?” रतनबाईनं विचारलं.

“ॲक्युप्रेशर,” आश्रुबा म्हणाले, आणि गुडघा विसरून निघाले.

५

केबिनमध्ये आप्पाराव टेबलाखाली एकावर एक पाय चोळत बसले होते. आश्रुबांनी यशोधरेला बरोबर आणलं, दार लावलं, आणि पुन्हा त्याच सोफ्यावर गुंडाळ्या सरकवून टेकले.

“साहेब, चोराचं वर्णन सांगू का? बघा पटतंय का.”

“सांगा.” आप्पारावांचा हात कड्याशी खेळायला लागला.

“त्याच्याकडं किल्ली हाय. म्हंजी तिघातला येक. म्हाळू न्हाई, रतनबाई न्हाई. त्याचा देवावर भाव हाय, अक्षता वाहून, परवानगी घिऊन त्यानं बारव उचलली. म्हंजी सुंदरराव न्हाई, अन्‌ साहेब, मी तर न्हाईच. मला आजच कळलं अक्षता कशाला असत्यात. राहिलं कोण?”

आप्पाराव छताकडं बघायला लागले.

“आता ह्याला कोंडायचाय महादेव, पण उघड्यावर कोंडता येत न्हाई. कावून? कारण त्यानंच माईकवरनं सांगितलंय, थेंब देणार न्हाई. मग पहाटे, कॅन यायच्या आधी, तो येतो. रांजणातनं पाणी काढतो. अन्‌ बारव बुडवतो. कशात बुडवतो? ह्या सोफ्यावर मी लई वर्षं बसतोय, साहेब. ह्या गुंडाळ्यांनी माझी जागा कधी अडवली न्हाई. त्या कायम त्या कोपऱ्यातल्या कॅनमधी उभ्या असत्यात. आज त्यांना कुणी बाहेर काढलं?”

यशोधरा उठली. तिनं माळ बाजूला केली आणि कॅनचं झाकण उचललं. निम्मी कॅन भरून पाणी. तळाशी काळं काहीतरी, आणि त्या काळ्यात पायऱ्या.

 मग आप्पारावांनी अनवाणी पाय टेबलाबाहेर काढले. तळव्यांना फोड आले होते.

“कुणाला सांगू नका, जमादार. लोक म्हणतील, पाटी लावतंय अन्‌ महादेव कोंडतंय.” त्यांचा भाषणातला आवाज कुठल्या कुठं गेला होता. “कलेक्टरला अर्ज दिला, मंत्र्याला दिला. छावणीत गेलतो, तर माझी गाय मला ओळखंना. उपाशी जनावर असं बघतं… मला वाटलं, आता ज्याच्याकडं अर्ज द्यायचा राहिलाय त्याला देऊन बघू. पोरी, तुझ्या कामाचं वाटोळं करायचं मनात नव्हतं. मला तुझीच बारव पसंत हाय. म्हणूनच तर हिला नेलं.”

“मग काढा ना बाहेर! साडेतीन वाजून गेले!”

“काढता येत न्हाई.” आप्पारावांनी हात जोडले. “पाऊस पडल्याबिगर देव पाण्याबाहेर आला तर सगळं फुकट. सुंदररावाचे गाळे होऊ देत, मला शिव्या पडू देत. पण मी बोललोय त्याला, की कोरडा पडू देणार न्हाई. अन्‌ उपरण्याच्या झोळीत घालून खाली सोडला, उपरणं ओढून काढलं. वर कसा काढायचा, तेही मला कळंना.”

बाहेर सभासदांच्या मोटारसायकली यायला लागल्या होत्या. सुंदररावांचा आवाज ऐकू येत होता, “बसून घ्या, आज लई मजा हाय!”

आश्रुबांना पहिल्यांदाच काही सुचेना. चोर सापडला, माल सापडला, आणि माल हलवता येत नाही!

यशोधरा कॅनमध्ये वाकून बघत होती. बघता बघता ती सरळ झाली.

“काका,” ती आप्पारावांना म्हणाली, “बारव म्हणजे काय हो?”

“म्हंजी?”

“भांडंच ना? सरळ उचलली, तिरकी होऊ दिली नाही, तर वर येताना ती रिकामी येईल का भरलेली?”

आप्पारावांचं तोंड उघडं राहिलं. “भरलेली.”

“मग देव पाण्याबाहेर येतोच कुठं?”

६

आप्पारावांनी बाही सारून हात घातला. कोपरापर्यंत गेला, पुढं दंड बसेना, आणि मागं घेताना कडं कॅनच्या गळ्याच्या आतल्या कडेत अडकलं. अध्यक्ष कॅनमध्ये अडकले असताना दारावर थाप पडली आणि सुंदरराव म्हणाले, “सभा वाट बघतीया!” साबण लावून, पिळून, आश्रुबांनी अध्यक्ष मोकळे केले.

आता हात लावायला कोण? आप्पारावांनी यशोधरेच्या सडपातळ हाताकडं पाहिलं, मग आश्रुबांकडं. खोलीत घटकाभर एक जुनी गोष्ट येऊन उभी राहिली. कोणत्या घरच्या हातांनी पिंडीला कधी शिवायचं नाही, हे त्या तिघांनाही पाठ होतं आणि त्याबद्दल कुणी बोलत नसे. बारवेच्या पायऱ्यांवर आश्रुबांच्या आजीला उतरू देत नसत. वरून कुणी पाणी ओतलं तर घ्यायचं.

“तूच काढ,” आप्पाराव म्हणाले. “तुझीच बारव हाय. बांधणार तू, मग लाजायचं कशाला?” हे त्यांनी स्वतःलाच म्हटलं, असं आश्रुबांना वाटलं.

यशोधरेनं खांद्यापर्यंत हात घातला. श्वास रोखून, बाळाच्या डोक्याखाली हात घालावा तसा, तिनं तो दगड सरळ वर आणला. बारव काठोकाठ भरलेली. तळाशी ती दाण्याएवढी पिंड, आणि तिच्यावर हलतं पाणी.

सभागृह गच्च भरलं होतं. सुंदरराव उभेच होते. “सभासद हो, मॉडेल गायब हाय, आणि जमादार…”

“सापडली,” आश्रुबांनी मागून सांगितलं. “सुरक्षित जागी होती.”

यशोधरा माणसांतून वाट काढत आली. तिनं बारव भोकात बसवली. पुढच्या रांगेतला एक म्हातारा उठून वाकला. “अगं, पाणी हाय का गं हिच्यात?”

खुर्च्या सरकल्या. सुंदररावांनी गाळ्यांचं निळ्या काचेचं रंगीत चित्र भिंतीवर लटकवलं, पण ते बघायला भिंतीकडं तोंड कुणाचंच नव्हतं. सगळी सभा टेबलाभोवती. यशोधरेनं ओंजळीतले थेंब पुठ्ठ्याच्या छपरावर टाकले. ते घरंगळत आत उतरले आणि टपटप बारवेत पडले. तिला एवढंच दाखवायचं होतं. पुढं तिनं बोलायचं ठरवलेलं सगळं राहून गेलं, कारण कुणी विचारलंच नाही. रतनबाई तेवढी म्हणाली, “खरी बारव पण अशीच भरंल का गं?”

“पाऊस पडला तर भरेल, मावशी. एक थेंब बाहेर जाणार नाही.”

त्या म्हाताऱ्यानं पाण्यात बोट बुडवलं आणि डोळ्यांना लावलं. मग दुसऱ्यानं. मग रांगच लागली. प्रत्येक बोट थेंबभर पाणी घेऊन जाई, आणि आप्पाराव, जे मंचावर ‘विज्ञान आणि वारसा’ या विषयावर बोलायला उभे राहिले होते, त्यांचं बोलणं दर बोटागणिक अडखळायला लागलं. पाणी वरच्या पायरीवरून खाली आलं. आणखी खाली आलं. पिंडीचा माथा पाण्याच्या पापुद्र्याखाली चकाकायला लागला.

“म्हणून सभासद बंधूंनो…” आप्पाराव थांबले. समोर त्यांच्यासाठी पेला भरून ठेवला होता. तो घेऊन ते मंचावरून अनवाणीच उतरले आणि सगळ्यांदेखत पेला बारवेत ओतला.

 ज्यांनी बोटं बुडवली होती ते आपापल्या बोटांकडं बघायला लागले. रतनबाईनं पिशवीतली बाटली काढली, छावणीवर जाताना प्यायला आणलेली, आणि झाकणभर पाणी ओतलं. “मी थेंब नेलता,” ती म्हणाली, “हा घ्या परत.” मग तो म्हातारा पुढं आला. मग सगळेच. कुणाची बाटली, कुणाचा तांब्या, कुणाची फडकं गुंडाळलेली कॅन.

“बारवेच्या बाजूनं कोण?” आप्पारावांनी ठरावाचं विचारून घेतलं. “हात वर करा!”

“येक पण हात वर न्हाई!” सुंदरराव आनंदानं ओरडले. “मोजा!”

“हात मोकळे कुठं हायेत सायेब,” आश्रुबा म्हणाले. “वतायला लागलेत. मोजायचेच असले तर गाळ्याच्या बाजूचे मोजा.”

सुंदररावांनी सभागृहाकडं पाहिलं. त्यांच्या चित्रापाशी कुणीच नव्हतं. त्यांनी मिशीवरून बोट फिरवलं, ते खाली आणलं, आणि कोटाच्या खिशातली सीलबंद बाटली काढून रांगेत शेवटी उभे राहिले.

बारव भरली. काठावरून वाहिली. पाणी पुठ्ठ्याच्या अंगणात शिरलं, दालनांत गेलं, काड्यापेटीचे कठडे तरंगायला लागले, एक भिंत मऊ होऊन बसली. आणि त्या साली, त्या अख्ख्या तालुक्यात, जे कुणाच्या तोंडून ऐकू आलं नव्हतं ते यशोधरा दोन्ही हात पसरून ओरडत होती,

“बास! अहो बास करा! पाणी जास्त झालं!”